पन्नास लक्स

तापकीर गल्लीतून खोकं उचललं: चोवीस एलईडी,
सहा होल्डर, काळी चिकटपट्टी.
सोमवार. म्युझियम बंद, म्हणून मी आत.

घोडा लावला तिसऱ्या दालनात.
घोड्यावरून बघितलं की देवही वेगळे दिसतात.
गणपतीच्या मुकुटात बोटभर धूळ,
गरुडाच्या पंखामागे सुताराचा विसरलेला खिळा,
कपाटाच्या माथ्यावर अर्धी विझलेली विडी,
तिचा कार्डावर नंबर नाही.

खाली नुसते दिवे.
समया, लामणदिवे, हत्तीच्या पाठीवरचे,
एक एवढासा, बाळंतिणीच्या खोलीत ठेवत म्हणे.
तीनशे बारा दिवे आणि एकालाही वात नाही.
ते दिसावेत म्हणून मी बल्ब बसवतोय.
गेनू म्हणाला, "उस्ताद, हे म्हणजे..."
आणि वाक्य तिथंच टाकून पक्कड शोधायला गेला.

कापडांच्या दालनात भागवतबाई आल्या,
हातात उदबत्तीच्या पुड्याएवढं मीटर.
"मोमीन, पन्नास लक्सच्या वर नको.
उजेड खातो कापडाला."

तीस वर्षं मी उजेड देतोय.
लग्नाला, उरुसाला, मांडवांना,
एकदा ससूनच्या शवागारात, रात्री अडीचला.
कमी कर, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बाईंनी पैठणीची घडी जराशी उलटून दाखवली.
वरून चहाच्या फडक्यासारखी,
आत अजून डाळिंबी.
वरचं सगळं उजेड जेवून गेला,
ताटात घडीपुरतं उरलं.

शेजारच्या कपाटात वज्री, पितळेची.
मुठीला दोन पोपट, चोचीत चोच.
खालची खरखर एकाच कडेला गुळगुळीत:
रोज सकाळी कुणीतरी त्याच कडेनं
टाच घासत होतं, घाईत, पाणी निवायच्या आत.
कार्डावर लिहिलंय: कारागीर अज्ञात.
अडकित्त्यावर तेच. फणीवर तेच.
मोराच्या कुलपावर तेच, आणि किल्ली गहाळ.

शेवटचा होल्डर अडला.
पट्टी काढली, मागं भिंतीवर पेन्सिल:
"बबन लडकत, वायरमन. ७-११-७४.
फेज डावीकडे आहे. सांभाळून."
अक्षर तिरकं. घोड्यावरून लिहिलं की तसंच येतं.
माझंही येतं.
गेनूनं सवयीनं फडकं वर केलं,
मी त्याचं मनगट धरलं.

टेस्टर लावला.
डावीकडेच होता.

बाईंनी मीटर धरलं. अठ्ठेचाळीस.
"चालेल," म्हणाल्या, आणि सही द्यायला
उजेडात, म्हणजे जिन्यात, गेल्या.
गेनू विचारत होता पेन्सिल आहे का.
पेन्सिल नव्हती. बिलाचं पेन होतं,
ते भिंतीवर उमटेना.
पुढच्या सोमवारी आणू म्हटलं.
घोडा मिटला, खोकं उचललं,
जाताना पुन्हा दिव्यांच्या दालनातून गेलो.
बटण बंद केलं.
तीनशे बारा दिवे
एकदम गेले.