नमुना क्रमांक सदतीस

नोक्रेकच्या उतारावर
जळू पोटरीला चिकटली तरी
पान तोडताना हात हलू द्यायचा नाही.
तिसरं पान, कोवळं, कीड न लागलेलं.
सिलिका जेलच्या पुडीत, वर पेन्सिलीने आकडा.
शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.
छत्तीस झाडं जंगलातली,
सदतिसावं आमच्या स्वयंपाकघरामागचं.
हे मी वहीत लिहिलं नाही.

आई त्याला उगाच हात लावू द्यायची नाही.
मेमांग नारांग. मेलेल्यांचं नारिंग.
लालसर, सुपारीहून थोडं मोठं,
चाखलं तर आधी दात आंबतात, मग जीभ कडू होते.
कुणी गेलं की फळ अंगावर ठेवायचं,
म्हणजे गेलेला जातो, उंबऱ्यात रेंगाळत नाही.
आईच्या छातीवर मी चार ठेवली.
ती गेली की नाही, ठाऊक नाही.

शिलाँगला डॉक्टर दाफिशा
खलातल्या पानावर द्रव नायट्रोजन ओतते.
वाफ टेबलावरून उतरून पायांशी येते
आणि पान काचेसारखं फुटतं.
मग गाळणं, गरगर फिरवणं, गार अल्कोहोल.
नळीच्या तळाशी उरतो एक पांढरा तंतू,
पुसून टाकावा इतका.
एवढंच असतं कूळ.

"हरितलवक आईकडूनच येतं," ती समजावते,
"परागाच्या हाती कुणी देत नाही ते."
मला हसू येतं.
आम्हा गारोंना हे शिकवावं लागत नाही.
नवरा बायकोच्या घरी येतो,
आडनाव आईचं, घर बहुधा धाकटीचं.
झाडंही आमचीच म्हणायची.

पडद्यावर चार अक्षरं, ए टी जी सी,
पाढे चुकलेल्या पोरासारखी पुन्हा पुन्हा तीच.
पण त्यांतूनच घराघरातल्या भानगडी बाहेर पडतात.
लिंबाची आई कडू नारिंग, आजी पपनस.
संत्र्याच्या पानातही
पपनसाचीच हिरवळ.
आणि म्हाळुंग?
जुन्या पोथ्यांत मातुलुंग,
नाव आईच्या वळणाचं,
पण जिथे जिथे सापडला, बाप म्हणून.
कळी उमलण्याआधीच स्वतःशी लग्न लावून घेतो
आणि मधमाशीच्या पायांवरून
गावभर मुलं.
त्या दिवशी आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो.

छत्तीस ओळी एकमेकींना टेकून बसल्या, सख्ख्या बहिणी.
सदतिसावी लांब,
पपनसांच्या घोळक्यात.

डॉक्टर म्हणाली, "हे जंगलातलं नाही.
कुणी तरी आणून लावलेलं, नाहीतर मिसळलेलं.
कुठलं आहे?"
मी म्हटलं, आकडा पुसट झालाय.
पेन्सिल पुसट होत नाही,
तिनेच शिकवलं होतं मला.
ती काही बोलली नाही.

आईला मुलगी झाली नव्हती.
घर पुढे न्यायला मुलगी लागते.
मला सीमेपलीकडून आणलं,
तांदळाच्या पोत्यावर बसवून, चार वर्षांची.
पहिल्या रात्री तिने मला नाव शिकवलं,
रिकसे आरेंग, रिकसे आरेंग,
झोपेतही चुकणार नाही असं.
माझी लाळ कुणी नळीत घातली
तर मीही लांब जाऊन बसेन
कुठल्या तरी घोळक्यात,
जिथे मला कुणी ओळखत नाही.

नोव्हेंबरात घरी गेले. कुलूप गंजलं होतं.
मागे झाड फळांनी वाकलेलं,
खाली सडा. उचलायला कुणी नाही.
गवत बाजूला केलं तर बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर,
एक गाठ.
कलमाची असेल. जुन्या जखमेचीही असेल.
बोटाने चाचपत बराच वेळ बसले.

पान सांगतं ते फांदीचं.
खालच्या मुळांबद्दल ते काय बोलणार?

चाकूने थोडी माती उकरली,
मुळाची नखभर साल काढली, पुडीत घातली.
आकडा टाकला नाही.
आईचं नाव लिहिलं,
शाईने.