एकाच डब्यातला रंग

सर्जेकोटची होडी आपटली असती
तर भांडण सोपं होतं.
त्यांचा रंग तांबडा, आमचा हिरवा.
फळीवरचा ओरखडा वाचून
शेंबडं पोरही सांगतं कोण कुणावर आलं.

पण ह्या दोन्ही आमच्याच,
गेल्या चैत्रात एकाच डब्यातून रंगवलेल्या.
हिरव्यावर हिरवं.
लवू मेतर बोट फिरवत राहिला,
बाबली कोचरेकरने बॅटरी मारून पाहिली,
फळीने काही सांगितलं नाही.

वळणाच्या पिंपाशी झालं ते.
निळं प्लास्टिकचं पिंप, खाली दगड बांधलेला.
सगळं तळाशील वाळूवर उभं,
सर्जेकोट सात-आठ वाव मागे.
पहिला नंबर आपला, दुसराही आपला,
लाऊडस्पीकरवाला आधीच बोलून बसलेला.
मग तो आवाज. तसा मोठा नव्हता,
शेजारच्या घरात पाट पडावा तेवढा.
आणि सोळा माणसं पाण्यात.
सर्जेकोटवाले त्यांच्या कडेने गेले, सावकाश,
एकाने तर हात केला.

रात्री बैठक.
आबा टिकमने जमिनीवर काड्या मांडल्या:
"ही लवूची, ही बाबल्याची, हो वारो."
जळकी काडी होती ती ओहोटी.
पास्कू फर्नांडिस म्हणाला,
जो आत असतो, वळण त्याचं.
दोघेही आत होते, मागून कुणीतरी बोललं.
दोघे आत कसे असतील?
ह्यावर अर्धा तास गेला.
मग लवूच्या बापाने कापलेलं जाळं निघालं,
बाबलीच्या काकाने न फेडलेलं डिझेल निघालं,
होड्या बाहेर चांदण्यात सुकत राहिल्या.

"सुकाणू धरलास, डोळे खंय होते?"
"पिंपार."
"आणि तुझे?"
"माझेव पिंपार."

मी वहीत उतरवत होतो.
मंडळाचा चिटणीस मी, अक्षर बरं म्हणून.

आदल्या रात्री लवूच्या खळ्यात
त्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत मी म्हटलं होतं,
"आतली बाजू तुझी. बाबल्या सोडतलो."
त्याचं हे शेवटचं वर्ष. तो हसला,
मला वाटीभर सोलकढी दिली.
परतताना बाबली धक्क्यावर एकटा,
पहिल्यांदाच सुकाणू हाती येणार,
विडी पेटवायला तीन काड्या लागल्या त्याला.
"पिंपाकडे काय करू, काका?"
आता अशा पोराला काय सांगणार.
"आत घुस," म्हटलं, "लवू सोडतलो."

एक बाजू, एका रात्रीत दोन घरी दिली.
खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही.
वाटलं, ऐन वेळी एक कोणीतरी हात आखडेल,
माणसं आखडतात.
माझ्या शब्दावर इतका भरवसा
आजवर घरीसुद्धा कुणी ठेवला नव्हता.

आबाने विचारलं, "कोणी काय सांगलेल्यान?"
लवू अंगठ्याच्या नखाने जमीन खरवडत बसला.
बाबली म्हणाला, "वारो फिरलो."
दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर मी बोललो असतो,
असं मी अजून म्हणतो.

वारा फिरला नव्हता.
दिवसभर नैर्ऋत्येचा, एका लयीत.
मी लिहिलं: वारा फिरला.
खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या,
पास्कूने तेवढी केली नाही.

आठवड्याने दोघे मिळून फळ्या बसवत होते,
काथ्या ठोकून, राळ भरून, उंडीचं तेल लावून.
एकमेकांना खिळे देत होते न बोलता,
मागावं लागत नव्हतं.
जुना रंग पुरला नाही. मी मालवणातून नवा आणला,
तोच नंबर, तीच कंपनी,
पण लावला तर फिका.
दोन्ही होड्यांना आता डाव्या-उजव्या कुशीत
हातभर फिकी जागा, लांबूनही दिसते.

"डबो सरळ धर, काका," लवू म्हणाला.
"सांडता."