उपचार सातवा : पाणी

बामणोदच्या शिवारात, चैत्र उतरताना,
भरताच्या वांग्यांचे एकवीस वाफे.
हंगाम कधीच सरलेला, पण लाल कोळ्याला हेच ऊन लागतं.
सात उपचार, प्रत्येकी तीनदा,
कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं.

पहाटे साडेपाचला मी पानं तोडते,
शेंड्याचं, मधलं, बुडाशी असलेलं.
पाच झाडांची पंधरा.
आठ वाजेतो भुवईचा घाम भिंगावर गळतो
आणि त्या थेंबातही काहीतरी चालताना दिसतं.

दोन चौरस सेंटिमीटर. एवढंच जग मोजायचं.
पाठीवर दोन काळे ठिपके, आठ पाय,
अंडी म्हणजे काचेची मोहरी.
मेलेला कुठला, निजलेला कुठला?
सुईच्या टोकाने हळूच ढोसते.
पाय हलला की वहीत एक उभी रेघ.

फवारणी सुपडूनानांची.
आधीची दोन पोरं गेली म्हणून
यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं घटकाभर,
मरणाला वाटावं, टाकलेलं आहे.
गंधक, निंबोळी अर्क,
ते दुधासारखं नवं औषध, ज्याचं नाव त्यांना म्हणता येत नाही,
सगळं नाकाला उपरणं बांधून मारलं त्यांनी.
शेवटी मी म्हटलं, नाना, इथे नुसतं पाणी.

"नुसतं पानी मारनं व्हतं
तं पंप कायले चढवला मह्या पाठीवर?"

तुलनेसाठी.
काहीच न दिलेलं एक लागतं, नाना,
त्याशिवाय दिलेल्याची किंमत कळत नाही.

पंपाचा दांडा तसाच धरून ते हसले.
"म्हंजे मी."

तिसऱ्या दिवशी नव्या औषधाखाली शून्य.
शून्य, शून्य, एक, शून्य.
सर फोनवर खूश झाले.
चौदाव्या दिवशी त्याच पानांवर
रेघांना जागा पुरेना.

पाण्याच्या वाफ्यांत पानं तांब्याची झालेली,
शेंड्यांवर जाळी, जाळीत बैलगाडीची धूळ,
दोन झाडं उभीच वाळली.
पण एका पानामागे खसखशीएवढा काळा भुंगेरा
एकेक कोळी उचलत होता,
शांतपणे, शेंगा सोलत बसावं तसा.
वहीत त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं: एक. मग खोडून: तीन.

बाकीच्या वाफ्यांतली वांगी खड्ड्यात पुरायची होती.
नानांनी विचारलं, "मह्या वाफ्यातले तं चालतीन ना?"
महा, म्हणाले.

खुजी, वाकडी, एका गालाने उन्हाने भाजलेली चार वांगी
त्यांनी बांधावरच पऱ्हाटीच्या जाळात टाकली.
मी निंबाखाली सरासरी काढत बसले,
दशांशानंतर दोन आकडे.
आणि तिकडे एका वांग्याची साल
फट् करून फुटली.