दोन मिलिमीटर

फरशा लावतो तो गुलशेर तडवी, यावलचा.
लेव्हल त्याची, नाव त्याचं.
दुसऱ्या दिवशी मी जाते,
बादली, स्पंज, रबराची पट्टी,
त्याने मधे मधे ठेवलेल्या जागा भरते.
कोकिळा सपकाळे. पण हाक येते ती
"ओ सांधेवाल्या बाई."

भुसावळला खडका रोडच्या आतल्या गल्लीत
वारके काकांचं न्हाणीघर.
पांढरी फरशी, कमरेवर निळी पट्टी,
काकू गुडघ्यांनी अधू, म्हणून भिंतीला दांडा.
संध्याकाळी काका बॅटरी घेऊन आत आले.
अडतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला माणूस,
मागे राहिलेलं त्यांना आधी दिसतं.
"सगळं भरलं, अन् हे चार कोपरे काबरं सोडले?"
"भिंती हालता, काका."
"माझ्या?"
"सगळ्यांच्याच.
ही मावळतीकडची, दुपारी तापून फुगते.
ही आतली, गारच राहते.
दोघी भेटतात तिथं घट्ट भरलं की फुटतं.
दोन मिलिमीटर मोकळं असू द्या,
त्यात नंतर सिलिकॉन घालू. ते ताणतं, दबतं."
"पैसे मी भरल्या सांध्यांचे देतोय.
मोकळ्याचे नाही."

भरले. पांढरं सिमेंट, ठासून,
बोटाने दाबत वरून खाली, चारही.
सुंदर दिसले, खोटं कशाला बोलू.
काकूंनी चहात आलं घातलं होतं.

मग मे.
शेहेचाळीस. सत्तेचाळीस.
केळीची पानं कडेकडेने कागदासारखी जळलेली,
अख्खी गल्ली कुलरच्या आवाजामागे गप्प.
मावळतीची भिंत फुगली, आतली फुगली नाही,
दोघींमध्ये केसाएवढी रेघ आली.
केसातून पाणी.
पाण्यामागे मुंग्या, कारण पलीकडे
स्वयंपाकघरात गुळाचा डबा.

जूनमध्ये फोन आला. "त्या कोपऱ्यांचं बघा जरा."
चुकलो असं नाही म्हणाले.
मीही ते ऐकायला गेले नव्हते.

करवतीच्या पात्याने माझंच काम मी उकरून काढलं.
भरायला एक तास लागला होता, काढायला दिवस.
पंखा लावून दोन रात्री न्हाणी वाळवली.
मग दोन्ही अंगांना कागदी टेप,
नळकांड्याचं तोंड तिरकं कापून
तळापासून वर, हात न थांबवता.
नंतर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट
एकदाच फिरवायचं.
दोनदा फिरवलं की बिघडतं.
सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढायची.

काका दारात स्टुलावर.
"रुळांनाही फट ठेवायचे आधी,"
कुणालाच उद्देशून नाही,
"आता वेल्डिंग करतात."
"मग उन्हाळ्यात?"
"मग काय. गँगमन चालतात भरदुपारी, रूळ बघत."

माझ्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत.
पंधरा वर्षं सिमेंट.
रेशनच्या दुकानात मशीन म्हणतं, जुळत नाही.
पुसून ठेवा. दुसरा अंगठा ठेवा.
दुकानदार माझ्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे बघतो.
इथं तेच बोट लागतं.
किती घरांत, भिंतीला भिंत मिळते तिथली गोलाई
माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची आहे.
कुणी मशीन घेऊन न्हाणीत शिरलं
तर तिथं जुळेल.

काकूंना सांगितलं, चोवीस तास पाणी नको.
त्या टॉवेल, साबणाची डबी, काठी घेऊन
शेजारच्या झोपेबाईंकडे आंघोळीला निघाल्या.
जाताना न्हाणीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं,
काकांकडे एकदा पाहिलं,
आणि किल्ली माझ्या हातात दिली.