मढवींना सांगितलेलं

वन बीएचके, घणसोली, अठरापर्यंत.
फोनवर एवढंच बोललो होतो.
मढवींनी चार घरं दाखवली,
चारही स्टेशनपासून पाच मिनिटांवर.

चौथ्याच्या जिन्यात मी थांबलो.
म्हटलं, आईला ऐकू येत नाही.
बेल वाजलेली कळत नाही तिला,
कोण आलं ते दिसायला हवं.

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला.
"पयलं सांगाचा ना, दादा."

मग सेक्टर सातमधली तळमजल्याची जागा,
खिडकी थेट फाटकावर उघडणारी.

"पानी सकाली अर्धाच तास," ते म्हणाले,
"न पावसात ही भित वली."
मी विचारलं नव्हतं.

करार अकरा महिन्यांचा.
ब्रोकरेजमधले हजार कमी करा म्हणायचं
घरून ठरवून निघालो होतो,
तेवढं राहिलं.