दोर वळवताना

अंजनेरीच्या कड्यावर, पावणेसातला,
मी चादरभर सामान मांडते.
खैरनार सर म्हणतात, "भाजीवालीसारखं मांडतेस, वैजू."
मांडते. एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे.

सरांना चाळीस फूट खाली जायचंय,
सत्त्याऐंशी साली स्वतः ठोकलेली एक मेख काढायला.
गंजलीय. नवी पोरं तिच्यावर विश्वास टाकतात.
सर चौऱ्याऐंशी किलो, मी एकोणपन्नास.
माझ्या कमरेवरून सोडलं तर आधी मीच कड्यावर जाईन,
म्हणून भार अँकरवर. माझ्याकडे फक्त हात.

दोन बोल्ट, पट्टी, पट्टीच्या पोटात गाठ.
गाठीत मोठं, रुंद खांद्याचं कॅराबिनर, नासपतीसारखं,
त्यात बिलेची डबी, डबीतून दोर.
आता अडचण अशी, की भार खाली ओढतो
तेव्हा लगामाचा हात वर धरावा लागतो,
आणि वर धरलेला हात दहा मिनिटांत
खोटं बोलायला लागतो.
म्हणून मोकळा दोर आधी वर न्यायचा,
वरच्या एका कॅराबिनरमधून वळवायचा,
मग खाली, माझ्या मांडीपाशी, प्रुसिकच्या मुठीत.

माणूस खाली सोडायचा तर दोर आधी वर चढवायचा.
हे मला सरांनीच शिकवलं,
पांडवलेण्यांच्या डोंगरामागे, एका बुटक्या खडकावर.
मी अकरा वर्षांची होते. हार्नेस ढगळ,
आत आईची ओढणी कोंबून घट्ट केलेला.

प्रश्न फक्त वळणावरच्या त्या एका कॅराबिनरचा.
माझ्याकडचं हलकं आहे, पण दांडा बारीक,
दोर त्यावरून सुळकन जातो. मला सुळकन नको.
रहाटाला तेल घालतात, इथे उलट,
इथे थोडी कुरकुर हवी.
जाड, गोल दांड्याचं दुसरं उचलते, तोवर
सर खिशातून त्यांचं काढतात.
रंग केव्हाच गेलेला. "हे लाव. हेच लावत आलोय."

अंबडला कारखान्यात मी दिवसभर गेज घेऊन उभी असते.
दोन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे, की लाल चिठ्ठी.
तिथे बोलावं लागत नाही, चिठ्ठी बोलते.
मी आतल्या बाजूने नख फिरवलं.
चर होता. चराच्या काठाला नख अडकलं.
वजन पेललं असतं त्याने, वजनाचं काही नव्हतं,
पण असा काठ दोराची साल काढतो, हळूहळू, न सांगता.
ज्या दोरांनी तो चर पाडला
त्यातल्या एकावर ओढणीवाली मी होते.

"सर, हे नको."

खाली एक गिधाड वळलं. त्याची पाठ दिसली,
आपण वर असलो की पक्ष्यांच्या पाठी दिसतात.
सरांनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर नेऊन बघितलं,
स्वतःचं नख फिरवलं. दोनदा.
"हं," म्हणाले. आणि खिशात टाकलं.

जाड लावलं. स्क्रू फिरवला. दाबून बघितलं.
त्यांनी माझं तपासलं, मी त्यांचं.
"सोड."
सोडलं, वीतभर, मग हातभर.
काठावरून आधी हेल्मेट गेलं, मग "बारीक सोड गं" गेलं,
मग फक्त दोर उरला,
आणि त्यातून येणारी त्यांची हालचाल,
मासा गळाला नुसतं हुंगतो तशी.
खालून हातोडीचे ठोके. सत्तावीस मोजले,
मग एक वेगळाच, पोकळ.
"निघाली!"

फाट्यावर चहा घेतला. मेख टेबलावर,
पोह्यांच्या बशीशेजारी, बोटाएवढी.
कॅराबिनरबद्दल कुणी काही बोललं नाही.
निघताना त्यांनी स्कूटरची किल्ली त्यात अडकवली,
किक मारली, नाशिकच्या दिशेने गेले.
स्क्रू उघडाच होता.
मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.