मार्फत

बूट आधी आले.
व्हिसाचं ‘नाही’ नंतर आलं.
करडे, जाड तळव्याचे बूट, यॉर्कहून भाच्याने निवडून दिलेले:
‘मावशी, इथे सगळं पायीच. चार दिवसांत
शहर पाठ होतं तुझं.’
महिनाभर खोक्यात पडून होते,
आतल्या मऊ कागदासकट.
मग एका मंगळवारी घातले
आणि खानापूरहून बेळगावची बस धरली.

लॉजवर ईराप्पाने वही फिरवली.
मालन मोदगेकर, वय एकसष्ट.
एकट्याच?
एकटीच.
‘यार मनीगे बंदीरी?’
कुणाच्या घरी आलात, हे त्याने मग मराठीतही विचारलं,
वहीत तसा रकानाच असल्यासारखं.
बेळगावला आलेय, म्हटलं.
‘ते कळलं की ओ. पण कुणाकडं?’

एकतीस वर्षे खानापूरच्या टपालात
मी या शहराची पत्रं वेगळी काढली.
कोनवाळ गल्ली, भांदूर गल्ली,
फुलबाग गल्ली,
परक्या अक्षरांत पाठ झालेलं बेळगाव.
कुणाचा ळ कडेला लवंडलेला,
कुणाची वेलांटी तिकिटाला भिडलेली.
आणि किती पाकिटांवर तो शब्द, ‘मार्फत’.
सून मार्फत सासरे. विधवा मार्फत दीर.
बायकांचं नाव वर, आणि पोचायची वाट
खालच्या ओळीतून.

मी तरी इथे कशी आले होते?
दवाखान्यामार्फत. कोर्टामार्फत.
एकदा बहिणीच्या शालूमार्फत, शहापूरला.
रिक्षातून उतरायचं, काम उरकायचं,
रिक्षात बसायचं.
गल्ल्यांना उतार असतो
हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं.
स्कूटरवाले इंजिन चालू ठेवून चडफडत उभे.
मी मालगाडीचे डबे मोजले, बेचाळीस.
कुठे पोचायचंच नव्हतं,
तर उशीर कसा होणार?

वडगावात घराघरांतून मागांची खटखट.
उंबऱ्यावर कांड्या भरणारी एक
हात न थांबवता म्हणाली, ‘कुणाकडं ओ?’
असंच, फिरायला.
‘असंच म्हणून कोण येतंय ओ वडगावाला?’
हसली. तांब्या पुढे केला.
पाणी पिऊन होईपर्यंत
तिने माझ्या बुटांकडेच बघितलं.

किल्ल्यात, कमल बस्तीच्या छताला
दगडाचं कमळ उलटं लटकलंय.
मान दुखेपर्यंत बघितलं.
मग इकडेतिकडे पाहून
सरळ फरशीवर आडवी झाले.
पाठीला थंड लागलं. कुणी काही बोललं नाही.
इतका वेळ मी याआधी
कशाच्या खाली अशी पडले होते, आठवत नाही.

कँपातल्या जुन्या गोऱ्या थडग्यांवर
बोट ओलं करून शेवाळ पुसत
भाच्याच्या गावाचं नाव शोधलं.
नाही सापडलं.
एक बाळ सापडलं, आठ महिन्यांचं.
इथवर तेही कुणामार्फतच आलेलं.

कुंद्याच्या दुकानात पोरगा म्हणाला,
‘गावाला न्यायचा काय? पॅक करतो.’
नको. इथेच.
पाव किलो. बाकावर बसून
सगळा एकटीने खाल्ला,
कुणाचा वाटा बाजूला न काढता.
शेवटी शेवटी जड गेला, खरं सांगते.
पण संपवला.

रात्री भाच्याचा फोन.
‘काय काय बघितलंस?’
उतार, म्हटलं.
‘काय?’
उतार रे. आणि चढ. परत येताना तोच चढ होतो.
तो जरा गप्प झाला, मग म्हणाला,
‘आणि फिरतेस कुणाबरोबर?’
तुझ्या बुटांबरोबर, म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर
चुकल्यासारखं झालं.
हीसुद्धा मार्फतच झाली की!

टाचेला फोड आलाय, रुपयाएवढा.
उद्या चौथा दिवस.
पिशवीत तळाशी माझ्या जुन्या चपला आहेत.
उद्या त्याच घालीन.